सपाट रेघ

डबा वीतभर. त्यात बत्तीस अँप्लिफायर राहतात
असं माहितीपत्रकात लिहिलंय.
त्यातला एकही मी डोळ्यांनी पाहिलेला नाही.
बटण फिरवलं की विश्रामबागेतल्या
माझ्या दहा बाय अकराच्या खोलीत
कुठल्याशा परदेशी हॉलमधली हवा येते, अशी त्याची थाप.
थाप मला मान्य आहे.
ती कुणाच्या तोंडून ऐकायची, एवढंच ठरत नव्हतं.

वर्षभर टीव्हीखालच्या साउंडबारमधून वाजवलं.
ई मायनर यायचा तो
गोधडीतून खोकल्यासारखा.

शेवटी इक्बाल शिकलगारच्या गोदामात गेलो, हरिपूर रोडला.
लग्नसराई संपलेली. डॉल्बीचे काळे खोके छताला टेकलेले,
सगळ्यात वरच्यावर मांजर.
तो म्हणाला, गिटारचा म्हणून मिळतो तो स्पीकर घेऊ नकोस.
तो आपलं मीठ घालतो,
आणि तुझ्या डब्यात मीठ आधीच पडलंय.
तुला सपाट बोलणारा पाहिजे.
दिलं तेवढंच पुढं देणारा, मधे काही न खाणारा.
मी म्हटलं, बावीस वर्षं मार्केट यार्डात
हळदीच्या पट्ट्या लिहितोय,
असा कोण अजून भेटला नाही.

इक्बाल हसला नाही.
'तू मघापासून उजवा कानच का पुढं करतोयस?'

मिरजेत एका बाईंनी मला काचेच्या खोलीत बसवलं.
आवाज आला की बटण दाबायचं.
मी बसलो. बराच वेळ कुणी काही पाठवेना.
काचेपलीकडं त्यांची बोटं मात्र चालू होती.

कागदावर दोन रेघा उमटल्या.
उजवी मे महिन्यातल्या कृष्णेसारखी, उतरलेली, पण वाहती.
डावी चार हजारापाशी
घाटाच्या शेवाळावरून पाय गेल्यासारखी.
'मिरवणुकीत असता का?'
होतो. सतरा वर्षं.
उजव्या हातात दोर, डाव्या हाताला डॉल्बी.
शेवटची चार वर्षं खोके इक्बालचे.

हे मी त्याला सांगितलं नाही.
कागद माझ्या खिशातून डोकावत होता,
त्यानंही विचारलं नाही.
बिलात सातशे रुपये कमी लावले
आणि वायर फुकट दिली, पाच मीटर, चांगल्यातली.

साडेपाच इंची. जोडीनंच मिळतात.
भिंतीला चिकटवले तर खालचे सूर घुमतात,
खाली कुंभोजकर पंखा बंद करून ऐकतात, मग बेल वाजवतात.
म्हणून कोपऱ्यात पाहुण्यांच्या गाद्या रचल्या,
एकावर एक चार.
घुमणं गेलं. पाहुणे आले की परत येतं.

आता रात्री साडेनऊला मी तारांवर हात ठेवतो,
त्रिशला टेबलाशी सातवीचे पेपर तपासते.
मला आवाज मऊ वाटतो, मी धार चढवतो.
ती मान वर न करता म्हणते, टोचतंय.
मी उतरवतो.
अजून.
मी अजून उतरवतो, इतकं, की माझ्यासाठी
सुरांच्या कडा भिजलेल्या पुठ्ठ्यासारख्या होतात.
ती म्हणते, हां. राहू दे असंच.
आणि कुणाचा तरी अर्धा मार्क कापते.

डबा विचारतो, हा आवाज कुठल्या नावानं ठेवू?
इंग्रजीत आठ अक्षरांची जागा देतो.
तिचं नाव बरोब्बर बसलं.
तिला वाटतं तिथं अजून 'क्लीन दोन' लिहिलंय.

डावा स्पीकर पडद्यापाशी आहे.
त्याच्याबद्दल तक्रार नाही. रेघ सपाट,
मिळेल ते सगळं सांगतो, एक सूर पदरात ठेवत नाही.
मी त्याच्याकडं बघून अधूनमधून मान हलवतो,
लांबच्या नात्यातले कुणी थोर
लग्नाच्या मांडवात काही सांगत असले, की हलवतो तशी.