झग्याचा रंग

वरच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं असे:
विग्नल, १४.
मिसेस थ्रेलफॉलचं तिरकं अक्षर.
दुकानाला तंबाखूचा, पॅराफिनचा, ओल्या वर्तमानपत्रांचा वास,
आणि शनिवारी सकाळी, दारोदार दुधाच्या बाटल्या उभ्या असताना,
अख्ख्या फ्लीटवुडात माझं नाव छापलेली ही एकच जागा.
छापलेलं कुठलं, लिहिलेलं.
नऊ वर्षांच्या माणसाला चालतं.

किंमत सात पेन्स.
कागद इतका हलका की अंगठ्यावर शाई उतरायची.
मुखपृष्ठ तेवढं रंगीत, आत सगळं काळंपांढरं.
अमेरिकेतली एक गोष्ट आणून इकडे तिचे तीन तुकडे करायचे,
आठवड्याला एक,
आई रविवारचं मटण बुधवारपर्यंत पुरवायची तसं.

स्काय-वॉर्डन गच्चीवरून पडतोय.
पुढे काय? पुढच्या अंकात!
आणि मी सात दिवस त्याला हवेत धरून ठेवायचो,
पाढे म्हणताना, चर्चमध्ये, नॉरीनशी भांडताना,
हात भरून येईपर्यंत.

बाबा तीन आठवडे आइसलंडच्या बाजूला,
तीन दिवस घरी.
आंघोळ करून बसले तरी कॉडचा वास जायचा नाही.
तीन अंक सलग काढायचे.
त्यांच्या हातात स्काय-वॉर्डन कधी लोंबकळलाच नाही.
पडला, पान उलटलं, वाचला.
मला हेवा वाटायचा.
वाट बघणं आमच्याकडे होतं, आईकडे आणि माझ्याकडे.

एकदा मी खडू घेऊन त्याचा झगा लाल करायला बसलो.
बाबा म्हणाले, लाल कशाला? पिवळा कर,
आमच्या ऑइलस्किनसारखा.
पाण्यात पडला तर दिसायला नको माणूस?
मी म्हटलं, बाबा, तो उडतो.
रोज उडतो ना? मग एक दिवस पडणारच.
आणि जाड बोटांत खडू धरून,
जिभेचं टोक बाहेर काढून,
रेघेबाहेर जात स्वतःच रंगवत राहिले.

मग समुद्रातच कुणीतरी रेघ ओढली, दोनशे मैलांवर.
बाबा घरी आले ते आलेच.
बोटी वायर नदीच्या गाळात तांबारत गेल्या.
आता शनिवारी दाराशी माझ्याआधी ते.
मीही विग्नलच, म्हणायचे.
चहा गार होईस्तोवर वाचायचे,
शेवटच्या चौकटीशी अडायचे,
अंक उलटा करून बघायचे.
एवढंच?
एवढंच.
मग आठवडाभर करायचं काय?
काय सांगणार? मी दहा वर्षांचा.
धरून ठेवायचं, म्हटलं.

नोव्हेंबरात मुखपृष्ठावर ठळक अक्षरं आली:
दोस्तांनो, आत मोठी खुशखबर!
खुशखबर म्हणजे मर्तिक, हे आम्हा पोरांना तोवर कळलं होतं.
पुढच्या शनिवारपासून आमचा अंक फुटबॉलवाल्या अंकात विलीन.
स्काय-वॉर्डनला तिथं जागा नव्हती.
तो तेव्हा बंदराच्या पुलावरून पडत होता.

परवा प्रेस्टनच्या बाजारात, साठी गाठल्यावर,
मूळचा अमेरिकी अंक सापडला, प्लास्टिकच्या पिशवीत.
उभ्या उभ्याच वाचला.
झगा जांभळा.
पुलाखालून गाद्यांचा ट्रक चाललेला असतो.
गाद्यांचा!
इतकी वर्षं हात अवघडून घेतले ते याच्यासाठी.
तरी विकत घेतला.

बाबांनी मात्र त्याआधीच विचारलं होतं,
ब्लॅकपूलच्या इस्पितळात, कशातूनही काही नसताना:
त्याचं काय झालं रे, पुलावरच्याचं?
मला माहीत नव्हतं.
मी म्हटलं, खालून एक ट्रॉलर चालली होती.
लांबून दिसला त्यांना. पिवळा होता ना.
मग ठीक, म्हणाले,
आणि चहात साखर कमी पडलीय
असं नर्सला सांगायला लावलं.