तांबट आळीतली चाचणी

बेंडकुळ्यांनी दोन दिवसांच्या बोलीवर दिलाय.
शटर एक लाख बेचाळीस हजार वेळा पडलेलं,
पट्टा घामानं काळा.
म्हणाले, माझा हात थरथरतो आता, तूच बघ.

मी उन्हात नाही तपासत.
उन्हात कुठलाही कॅमेरा शहाणा.
थेट तांबट आळी, दुपारचे चार,
एक पिवळा बल्ब
आणि वामनमामांची हातोडी.

भिंग पूर्ण उघडं. आयएसओ सहा हजार चारशे.
काळ्या भिंतीवर रवा सांडल्यासारखा दाणा,
पण घागरीच्या गळ्यावरची लाली शाबूत.
सेकंदाचा हजारावा भाग:
हातोडी हवेत, अजून पडायचीय.
पुढच्या फ्रेममध्ये पडून वर निघालेली.
सेकंदाला दहा फ्रेम, तरी
ठोका नेमका मधल्या फटीत.

पुन्हा. पुन्हा.
बफर भरला, लाल दिवा लुकलुकत राहिला.
मामा कशाला थांबतात!

प्रत्येक फोटोत वर उजवीकडे एक ठिपका.
सेन्सरवर कुणाच्या लग्नातली हळद, देव जाणे.

"किती ठोके खाल्लेत यानं?"
आकडा सांगितला.
"म्हणजे माझं एका दिवाळीचं काम."
मग कॅमेरा उलटा धरून
नखानं टिचकी मारली, कान लावला,
हंडा पारखतात तसा.
"बद्द नाही वाजत."
एवढं बोलून घागर पुन्हा मांडीशी.

रात्री चारशे टक्के मोठं करून
अजून तो ठोका शोधतेय.
बेंडकुळ्यांना फोन केला:
ठरलेत तेवढेच देईन, एक रुपया कमी नाही.
ठिपक्याचं ते बोलले नव्हते.
मीही नाही.