बाहीचा आवाज

खडेबाजारातल्या दुकानात
जॅकेटची बाही कानाशी धरून मी चोळतो.
करकर.
दुसरं घेतो. सळसळ, वाळल्या ऊसपाल्यासारखी.
तिसऱ्याला आवाज कमी, पण खिशाला वेल्क्रो.
उघडला की चर्रर्र.
आमच्या रानात एवढ्यावर
डुक्कर पार मलप्रभेपलीकडं गेलं असतं.

दुकानातलं पोरगं बघत राहिलंय.
"एन केळाकत्तीरी, सर?"

काय सांगणार त्याला.
कापड निवडायला मला शिकवलं मष्णूमामानं,
ज्याच्याकडं एकूण कपडे चार,
त्यातलं एक पोतं.

आत कॅम्पातल्या लिलावातला पलटणीचा स्वेटर,
कोपर गेलेला.
पोटऱ्यांना लोकरी पट्ट्या, तंबाखूच्या पाण्यात भिजवलेल्या,
जळवांनी तोंड फिरवावं म्हणून.
वर काळं घोंगडं.
चालताना ती खोळ, बसल्यावर बैठक,
वारं फिरलं की भिंत,
आणि शिकार झालीच तर चौघांनी चार टोकं धरायची.
पोतं कशाला, विचारलं तर म्हणायचा,
"घोंगडं भिजू नये म्हणून."

"नवं नको. नव्याला दुकानाचा वास.
साबणानं धुतलेलं त्याहून नको.
आणि सुती भिजलं की पाव्हणा होतं बघ,
अंगाला चिकटतं, उठायचं नाव नाही,
वर ऊब म्हणशील तर दमडीची नाही."

मी पंधराचा. भादव्यातली झड, चौथा दिवस.
बोलताना तोंडातून वाफ.
मेव्हण्यानं गोव्यावरून आणलेला नायलॉनचा रेनकोट
मोठ्या ऐटीत घालून निघालो.
खिंडीतच मामा थांबला.
"काढ. तू नाहीस, वाजंत्री चाललीय."
काढला. झुडपात दडवला.

माळ्यावर बसलो, खाली नाचणी.
मध्यरात्र उलटली असेल.
आधी वास आला, मग नाचणीत वाट पडताना दिसली,
मामाची नळी हळूच वर गेली,
आणि माझे दात वाजायला लागले.

मी जबडा धरला दोन्ही हातांनी.
तरी वाजले.
खालची वाट थबकली.
मग नुसता पाऊस.

मामानं शिवी दिली नाही.
बंदूक आडवी ठेवली, घोंगड्याचं एक टोक उचललं
आणि मला आत ओढलं.
आत मेंढराचा, धुराचा, म्हाताऱ्या घामाचा वास.
ओलं होतं, तरी ऊब होती.
पहाटे डुकरं परत आली, आम्ही दोघं झोपलेलो.
अर्धा तुकडा लोळवून गेली.

घरी मामीला त्यानं एवढंच सांगितलं,
"चूक माझी. पोराचं कापड काढलं,
दुसरं दिलं नाही."

पुढं कायदा आला, बंदूक ठाण्यात गेली,
मामा गेला. घोंगडं त्याच्यावरच घातलं.

आता रेणका, माझी नात,
वनरक्षक म्हणून कणकुंबीकडं रुजू होतेय सोमवारी.
रात्रीची गस्त. फासे लावणाऱ्यांच्या मागावर.
म्हणजे आमच्यासारख्यांच्याच.
खात्यानं दिलेला रेनकोट तिनं घालून दाखवला,
पिवळा, आणि वाजणारा.
घरात सगळ्यांना आवडला.
मी काही बोललो नाही. एसटी धरली.

चौथं जॅकेट.
गडद, मातकट. बटणं. आतून लोकरीसारखं काहीतरी.
बाही कानाशी नेतो.
काही नाही.
पुन्हा चोळतो. काही नाही.

कन्नडात ऐकणं आणि विचारणं एकाच शब्दात भागतं.
"केळाकत्तीनि," मी पोराला म्हणतो.
दोन्ही अर्थांनी.

नव्याचा वास आहे याला. चुलीवर टांगीन,
रविवारपर्यंत जेवढा धूर बसेल तेवढा.
किंमत ऐकून पुन्हा खुंटीला लावावंसं वाटतं,
पण हात सोडत नाही.

"टोपी निघते का याची?" मी विचारतो.
"सर, टोपी नको? पाऊस आहे की तिकडं."

आहे रे.
पण कान झाकले
तर तिला पुढचा कसा ऐकू येणार?