चंद्रबिंदू

शेवेची बरणी फुटली मंगळवारी रात्री.
माझ्याच हातून. दोष द्यायला
घरात मांजरसुद्धा नाही.
केरसुणीनं लोटलं, सुपलीत भरलं,
सुक्याच्या डब्यात ओतलं. झालं.
सुकं ते सुकं.

आमच्या रामबागेत गाडी पावणेआठला येते,
तिच्या गाण्यावर गल्ली घड्याळं लावते.
इंदूरचं मूल आधी ओलं-सुकं शिकतं, मग अ-आ-इ.
कैवल्यला मीच शिकवलं:
केळ्याची साल हिरव्यात,
दुधाची पिशवी विसळून निळ्यात,
रिमोटमधले मेलेले सेल खिडकीतल्या वाटीत, वेगळे.
आमचं शहर पहिलं आलं, असं पुण्याच्या मामाला
तो फोनवर सांगतो
जणू एकट्यानंच झाडलं सगळं, राजवाड्यापासून.

बुधवारी धन्नालालनं डबा उपडा केला
आणि रोजच्यासारखा हात घालून
चुकीचं पडलेलं वेचायला लागला.
हात वर आला तेव्हा अंगठ्यावर लाल रेघ.
तो काही बोलला नाही.
जाळीला अडकवलेलं फडकं दातांनी फाडलं,
गुंडाळलं,
पुढच्या घराचा डबा घेतला.
गाणं चालूच.

"आपली काच होती का?"
चल, व्हॅन येईल.
"आई, आपली होती का?"
लेस बांध आधी.
सात वर्षांच्या मुलाला लेस बांधायला वेळ लागतो.
तेवढ्यात माझी तीन उत्तरं तयार झाली,
तिन्ही खोटी, तिन्ही बरी.
त्यानं गाठ मारून वर पाहिलं.
"हो," म्हटलं.

व्हॅनमधून त्यानं टाटा केला नाही.

दुपारी दप्तर न उतरवताच:
"पण डबा तर निळाच होता ना?"
निळाच.
"मग चुकलं कुठे?"
मी भांडी लावत राहिले.
डब्यांचे रंग मी त्याला पाठ करून घेतले होते.
डबा रिकामा कोण करतं, ते विचारलंच नव्हतं परीक्षेत.

संध्याकाळी आम्ही दोघं फरशीवर पालथे,
टॉर्च मारून फ्रिजखाली.
चार तुकडे निघाले, एक शेवेची कांडी,
आणि दिवाळीत हरवलेलं पेनाचं टोपण.
तुकडे पेपरात, पेपर चपलांच्या खोक्यात,
खोक्याला चिकटपट्टी, नको तितकी.
वर लाल स्केचपेननं, सावकाश: काच.

धन्नालाल हिंदी वाचतो रे.
"हिंदीत कसं?"
तसंच. फक्त 'का'वर चंद्रबिंदू.
त्यानं चंद्र काढला तो अक्षरापेक्षा मोठा,
आडवा निजलेला, पोटात टिंब.
"आणि त्याला वाचताच येत नसेल तर?"
चार वर्षं आमचा डबा उचलतोय तो,
मला ठाऊक नव्हतं.
मग खाली एक अंगठा काढला. अंगठ्याला पट्टी.

रात्रभर त्यानं 'माफ करना' घोटलं होतं.
गाडी आली आणि तो माझ्या ओढणीत शिरला.
मीच म्हटलं मग.
बरणी माझ्याच हातून गेली होती.

धन्नालालनं खोकं फिरवून फिरवून पाहिलं.
फडक्याच्या जागी आज काळी चिंधी.
"चाँद किसने बनाया?"
ओढणी हलली.
"मैं तो पढ़ता नहीं," तो म्हणाला,
"पर आगे छँटाई पे मेरी घरवाली बैठती है.
वो पढ़ लेगी."
आणि खोकं त्यानं मागे टाकलं नाही,
ड्रायव्हरशेजारी सीटवर ठेवलं,
सवारी असल्यासारखं.

जेवणं झाली. मी दार लावायला उठले
तर स्वयंपाकघरात अंधारात उजेडाचा एक गोल
फ्रिजखाली फिरत होता.
झोप आता, म्हटलं. सगळे निघाले कालच.
"एक राहिलाय," तो म्हणाला.
मी खाली बसले.