ताळा

रात्री बारा-दहाला शेतीची लाइट येते
आणि पालपासून रावेरपर्यंत
विहिरीविहिरींवरच्या मोटारी एका दमात घसा खाकरतात.
तेवढ्यात सुकीच्या पाण्याची उंची सांगणारे
माझे आठ बिट मरतात.
सलग.

सलग, हीच अडचण.
सुटी चूक मला चालते.
चार खऱ्या बिटांमागे तीन साक्षीदार उभे केलेत.
सातांतला एक फिरला
तर बाकीचे त्याच्याकडे बोट दाखवतात,
मी त्याला उलटा करते, शून्याचा एक, एकाचा शून्य,
आणि पुढे जाते.
दोन फिरले की मात्र हेच साक्षीदार
शपथेवर तिसऱ्याच निरपराध्याला धरून देतात.

म्हणून आडवं लिहायचं, उभं पाठवायचं.
सोळा ओळी एकाखाली एक,
आधी सगळ्यांचं पहिलं घर, मग सगळ्यांचं दुसरं.
वाटेत मोटारींनी आठ घास सलग खाल्ले
तरी इकडे पुन्हा आडवं लावल्यावर
एका ओळीत एकच भोक.

हे फैजपूरच्या कॉलेजात पाचव्या सत्रात शिकवलं
तेव्हा वर्गात मी एकटीच हसले.

कारण आमचे आप्पा, लोटू वामन धाके,
सावदा स्टेशनवर केळीच्या डब्यांचे कारकून,
कानावर पेन्सिल, खिशात तंबाखूची चंची,
हमालांना ओरडायचे:
"एकाचा माल एकाच डब्यात नका कोंबू रे!
डबा सडला तं सगळ्यायचे पाच-पाच घड जातीन,
एकाचं घर नाही जायचं."

त्यांची वही अजून आहे.
ओळीत शेतकरी, रकान्यात डबे,
उजवीकडे आडवी बेरीज, तळाशी उभी.
आकडा चुकला तर एक ओळ बोंबलते, एक रकाना बोंबलतो,
आणि दोघं जिथं एकमेकांना छेदतात
तिथं आप्पांची पेन्सिल.

परवा ती वही चाळताना
वैशाखातल्या एका पानावर थांबले.
चार घरं खोडून पुन्हा लिहिलेली.
सातवा डबा इटारसीला चाक तापून तीन दिवस उभा होता,
दिल्लीला पोचला तो काळा चिखल.
तुळसा झांबरे त्या दिवशी उशिरा आली होती,
तिची बैलगाडी रिकामी झाली तेव्हा फक्त सातवाच उघडा होता,
चाळीसच्या चाळीस घड त्यात.
चेअरमनचा माल नेहमीसारखा दुसऱ्या डब्यात,
सावलीतल्या. त्यांना विखरून भरलेलं चालत नसे.

तुळसा, सात: चाळीस होते, शून्य केले.
तुळसा, दोन: शून्य होतं, चाळीस केले.
चेअरमन, दोन: चाळीस कमी.
चेअरमन, सात: चाळीस जास्त.

चौकोनाचे चार कोपरे.
ओळी जुळतात, रकाने जुळतात,
एकही बेरीज तोंड उघडत नाही.
अशी चार ठिकाणची चूक
त्या वहीला कधीच दिसत नाही,
परीक्षेत मी यावर पाच गुण मिळवलेत.

चेअरमनला कळलं का? माहीत नाही.
तुळसाला? तिनं नंतर दोन वर्षं
आमच्याकडे चारोळ्या पाठवल्या, कागदाच्या पुडीत,
एवढंच मला आठवतं, आणि आईनं कधी कारण विचारलं नाही.

वही आप्पांपुढे धरली.
चष्मा पुसला, बोटानं आडवं गेले,
ओठ हलत होते. मग उभं.
त्या चार घरांवरून बोट
जरासुद्धा न अडखळता गेलं.

"जुळतंय ना?" म्हणाले.

जुळतंय, आप्पा.

बारा-दहा.
मोटारी खाकरल्या.
पडद्यावर आठ भोकं पडली, आठही बुजली,
मी खाली हिरवी खूण केली
आणि बराच वेळ
तिच्याकडे बघत बसले.