वळसंगचं तिकीट

अकरा वर्षं मी वळसंगचं तिकीट काढलं
आणि कुंभारीला उतरलो.

'व' माझ्या तोंडातून सहज सुटतो,
भाजलेल्या शेंगेतून दाणा सुटावा तसा.
'क' मात्र उंबऱ्यावर बसून राहतो
चप्पल शोधत.
मागे अख्खी बस, सुट्ट्या पैशांचा खुळखुळाट,
कुणाचं तरी, "अरे बोल की लवकर."
म्हणून वळसंग. वर दहा रुपये.
जिभेची जकात म्हणायचो मी त्याला,
मनातल्या मनात. तिथे मी कधीच अडखळत नाही.

आजोबांचं नाव ठेवलं मला, कनकय्या.
दोन 'क' आहेत त्यात. ठेवणाऱ्यांना काय ठाऊक.
अम्मानं वेखंड उगाळून चाटवलं.
गड्ड्याच्या जत्रेत एका बाबानं
जिभेखाली धरायला खडा दिला,
तो मी पहिल्याच दिवशी गिळला.
घरी तेलुगू, शाळेत मराठी, मंगळवारच्या बाजारात कन्नड,
तिन्ही भाषांत सारखाच थांबलो,
पक्षपात केला नाही.

लोक शब्द पुरवतात. घाईघाईनं, आणि चुकीचे.
"काय, काडेपेटी? कांदे? काका आलेत?"
मी कित्येकदा मान डोलावून
नको असलेले कांदे घरी आणलेत.

परवा खिशात मोजकेच पैसे होते,
कुंभारीपुरते.
कंडक्टर बाई नवी. मशीनवर बोट धरून उभी.
कु.
मागून कुणीतरी कोंबडा आरवला.
कु, कु.
एमआयडीसी मागे पडली.
बाईनं बोट हलवलं नाही,
माझ्याऐवजी एकाही गावाचं नाव घेतलं नाही.
कु, कु, कुंभारी. एक.

मग वाटलं, माझ्या तोंडात हे गाव
एवढंच लांब आहे.
आणि मीसुद्धा:
आधी तीन-चार 'क', त्यांच्यामागून बाकीचा मी.
त्यांना वगळून कुणी हाक मारली
तर बहुतेक वळूनही बघणार नाही.

घरी अम्मा सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती.
"अम्मा, आज मी कु,"
तिनं पान कातरलं, तंबाखू भरली,
दोरा गुंडाळला. दुसरं पान घेतलं.
मान वर नाही, मधे शब्द नाही.
दोन विड्या झाल्या.
"कुंभारीचं तिकीट काढलं."

तेव्हा तिनं वर पाहिलं.
"मग इतके दिवस
कुठलं काढत होतास रे?"