सदतीस नंबरचं पाडस

रात्रीचे दोन वाजलेत, आणि ऊन आहे.
नॉर्वेच्या वरच्या टोकाला, समुद्रात घुसलेल्या डोंगरावर
मी मोज्यांवर मोजे चढवून
माशांच्या रिकाम्या क्रेटवर बसले आहे.
डास कानात शिरतात.
माझा कोड पहिल्यांदाच चिखलात उभा आहे.

कुंपणात रेनडिअरची पाडसं, गळ्यात नंबर.
कोण कुणाच्या मागे जातं ते बघायचं, फोनवर टिपायचं;
आईच्या कानावर ज्याची खूण
तीच मग पाडसाच्या कानावर कापायची.
पाडसापासून आईपर्यंत एक रेघ,
आईपासून मालकापर्यंत दुसरी,
मालकापासून भावंडं, सासरमाहेर, शेजारचा कळप...
हा सगळा गोतावळा ट्रोम्सोच्या सर्व्हरवर नांदतो.
फोनात मावत नाही.
म्हणून प्रत्येकाला मी उसनी प्रत दिली,
स्वतःपासून दोन रेघांपर्यंतची.
त्यापुढे रेघ दिसते, तिचं टोक दिसत नाही.
पलीकडे कोण, विचारलं
तर फोन म्हणतो, रेंज आली की सांगतो.

डोंगराच्या या अंगाला रेंज येत नाही.

पश्चिमेच्या दगडाआड नील्लास,
पूर्वेला त्याची आत्या राव्दना, दुर्बीण आणि थर्मास घेऊन.
चार वाजता दोघं चढावर आले,
जिथे रोवलेल्या काठीला लाल चिंधी बांधली आहे :
रेंज इथे.
फोन थरथरले.
सदतीसला दोन आया निघाल्या.

नील्लास म्हणे पांढऱ्या तोंडाची, शेजाऱ्यांची.
आत्या म्हणे मोडक्या शिंगाची, आपली.
माझ्या कोडने डोळ्याचं पातं लवायच्या आत निवाडा केला :
शेवटी बोलला तो खरा.
नील्लासचं घड्याळ तीन मिनिटं पुढे होतं.

राव्दनाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग सूर्याकडे,
जो मे महिन्यापासून मावळला नव्हता.
"घड्याळ?" ती म्हणाली.
"आणि कापलेला कान? तो पुसता येतो का तुला?"

सुरी म्यानात गेली.
मी क्रेटवर लॅपटॉप उघडला
आणि घड्याळ काढून टाकलं.
प्रत्येक फोनने आता आपल्याच नोंदी मोजायच्या,
आणि दुसऱ्याचं कितवं बोलणं ऐकून
आपण हे बोललो, तेवढं सांगायचं.
ऐकलंच नसेल, तर दोन्ही ठेव.
ठरवू नकोस.
सात ओळी. बोटं गारठली होती.

सदतीस मोडक्या शिंगाकडे गेलं, दोन घोट प्यालं,
लाथ खाल्ली.
पांढऱ्या तोंडाकडे गेलं, तिथेही लाथ.
नील्लास हसला, मग हसायचा थांबला.
दोघांनी पाहिलं ते खरंच होतं.

दुपारी इसात होडीतून आला.
त्याचा फोन तीन जूनपासून बंद,
जाळ्यांखाली पडलेला.
चिंधीपाशी पोचताच एकशे चाळीस नोंदी
दावं तुटल्यासारख्या धावत सुटल्या,
आणि त्यातली एक :
मादी, कड्यावरून घसरली, मेली.
मागे पाडूस, काळपट, डाव्या मागच्या पायाला पांढरा मोजा.
कानखूण सुन्नाची.

सुन्ना नऊ वर्षांची. नावावर चार जनावरं, आता तीन.
आता पुन्हा चार.
राव्दनाने तिचा हात धरून सुरी फिरवली.
पाडूस ओरडलं, उठलं,
कळपात नाहीसं झालं. दूध कुणाचं, ते त्याचं त्याने बघावं.

संध्याकाळी (म्हणे संध्याकाळी)
कानांचे कापलेले तुकडे दगडावर मांडले.
एका पाडसाचा एक तुकडा : हा यांचा जुना ताळा,
माझ्याहून, सर्व्हरहून जुना.
फोनमध्ये एकोणऐंशी.
दगडावर अठ्ठ्याहत्तर.

मी सुन्नाच्या मुठीकडे पाहिलं
आणि काही बोलले नाही.
राव्दना पहिल्यापासून मोजू लागली,
बोटाने एकेक तुकडा बाजूला सारत,
ओठ हलवत,
आणि मध्येच कुणी चहा विचारला तेव्हा
आकडा चुकू नये म्हणून
नुसती मान हलवत.